गव्हाणीच्या नोंदी: पेंढा, गहू आणि उलटा फिरणारा रहाट

नाताळात देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, मांडायची मोठी गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, दरवर्षी एकेका वाडीकडे असते. यंदा पाळी आमची होती. पुढच्या वर्षी हे काम ज्यांच्या गळ्यात पडेल त्यांनी आमच्याच चुका पुन्हा करू नयेत, म्हणून वहीत रोज खरडलेलं इथे उतरवतोय. ठिकाण वसई पश्चिम, समुद्रापासून सायकलवर दहा मिनिटं. हे अंतर सांगतोय कारण निम्मे घोटाळे दवामुळे आणि वाऱ्यामुळे झाले.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) ओट्यावर बैठक झाली. बारा जणांनी हात वर केले. (कामाला शेवटपर्यंत पाच टिकले. बारा हात म्हणजे पाच माणसं, हा हिशोब आधीच धरा.) फादरांनी साडेसहा हजार रुपये मंजूर केले आणि दोन अटी घातल्या. थर्माकोल नाही. बंदी २०१८ पासून आहे, तरी माळ्यावरचे जुने तुकडे रंगवून आपण मागची कितीतरी वर्षं भागवत आलो. दुसरी अट, किनाऱ्यावरच्या सुरूच्या फांद्या तोडायच्या नाहीत. लहानपणी नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी आणि तिच्यावर कापूस, इतकंच आम्हाला ठाऊक होतं. त्यामुळे ही अट दोघांना जड गेली. शेवटी एका घरातली सुरूची कुंडी उसनी घ्यायची ठरली.

विषय ठरायला वेळ लागला नाही. बेथलेहेमची वाळू आणि खजुराची झाडं दरवर्षी असतात. यंदा गोठा वसईच्या वाडीत दाखवायचा. कौलारू पडवी, केळी, पानवेल, विहीर आणि विहिरीवर फिरणारा रहाट. "फिरणारा" हा शब्द माझा. पुढचा महिना त्या एका शब्दात गेला.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन थेट बांबूच्या वखारीत गेलो. चांदणीसाठी कामट्या घेतल्या, २५० रुपयांच्या. वखारवाला म्हणाला, "एवढ्या मोठ्या चांदणीला कामटी नको, मेसकाठी घ्या." आम्हाला वाटलं, महागाचा माल गळ्यात मारतोय. संध्याकाळी पाच कामट्या बांधून उभ्या केल्या तर चांदणी पावसात भिजलेल्या छत्रीसारखी खाली लोंबली. २५० रुपये पाण्यात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

त्याच वखारीत मान खाली घालून गेलो. मेसकाठ्या (मेस जातीच्या भरीव बांबूच्या) बारा, प्रत्येकी ६० रुपये, एकूण ७२०. दहा वापरायच्या, दोन राखीव. सगळ्या १० फुटांवर कापल्या.

चांदणीचं माप सांगतो, कारण इथे दोन रात्री गेल्या. पहिल्यांदा काठ्या जमिनीवर टाकून नजरेनेच बांधल्या. एक पाय लांब, एक आखूड, आणि वरचं टोक डावीकडे मान टाकून बसलेलं. वाडीतल्या एका शिक्षकांनी कागदावर काढून दिलं ते असं. प्रत्येक काठीच्या दोन्ही टोकांपासून ४६ इंचांवर खडूने खूण करायची. मध्ये साधारण २८ इंच उरतात. पाचही काठ्या एकमेकींना फक्त त्या खुणांवरच छेदल्या पाहिजेत. एक खूण चुकली की पाचही चुकतात. काठी एकदा वरून, एकदा खालून अशी विणायची, म्हणजे गाठ सुटली तरी चांदणी सुटत नाही. काठी १० फुटांची असेल तर चांदणी १० फूट रुंद होते आणि उंचीला जेमतेम अर्धा फूट कमी.

अशा दोन चौकटी करायच्या. फक्त पाच टोकं एकत्र बांधायची आणि आतल्या पाच छेदांवर दोन चौकटींच्या मध्ये दीड-दीड फुटाचे दांडके आडवे ठोकायचे. चांदणीला पोट येतं ते यामुळे. आधी सुंभाने बांधा, मग वरून बांधणीची तार. नुसत्या तारेने बांधलं तर ओली मेस सुकल्यावर गाठ ढिली पडते.

१ डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. देवळात चार मेणबत्त्यांचं चक्र लागलं, पहिली जांभळी पेटली. आज थंडीचा पत्ताच नाही. तिकडे तामिळनाडूकडे फेंगल वादळ, इकडे ढग आणि उकाडा. घामाच्या धारांत पेंढ्याचे भारे वाहिले. तीन भारे, ३०० रुपये. भाताचाच पेंढा घ्या. बाजारात सजावटीचं पिवळं गवत मिळतं, ते दिसतं छान पण चुरा होतं.

जुन्या मूर्तींचं खोकं उघडलं. गाढवाचा कान नाही, एका मेंढपाळाचा हात मनगटापासून गायब, आणि योसेफ एका संचातला तर बाळ येशू दुसऱ्या. बाळ गव्हाणीत निजवलं तर आईच्या मांडीएवढं दिसतं. हे कुणी दुरुस्त करू शकत नाही. आमच्या आजोबांच्या काळापासून बाळ असंच थोराड आहे. एम-सीलने कान आणि हात केले. कान दुसऱ्या प्रयत्नात जमला. पहिला सशाचा झाला होता.

५ डिसेंबर, गुरुवार

रहाटाला सुरुवात केली. भंगारवाल्याकडून सायकलची जुनी रिम घेतली, १०० रुपये. हबचं बेअरिंग चांगलं आहे का ते तिथेच फिरवून बघा. पाण्यासाठी कुंभाराकडची छोटी बोळकी, चौदा नग, १४० रुपये. प्लास्टिकच्या वाट्या स्वस्त पडल्या असत्या, पण लांबून बघितलं तरी कळतं.

मोटर घेताना घाई केली. ओव्हनमधली काचेची थाळी फिरवणारी असते तसली छोटी २३० व्होल्टची मोटर मिळाली, मिनिटाला पाच फेरे, किंमत २२० रुपये. वेग बरोबर, किंमत बरोबर, थेट आसाला जोडली. कोरडी रिम झकास फिरली. सगळे टाळ्या वाजवून घरी गेलो.

८ डिसेंबर, रविवार

बोळकी बांधली, खाली टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं. रिम अर्धा फेरा गेली, चार बोळक्यांत पाणी भरलं आणि मोटर गुरगुरून थांबली. हाताने ढकलली तर चालली, पण उलटी. बंद करून पुन्हा सुरू केली तर सुलटी. तिसऱ्यांदा पुन्हा उलटी. तासभर वायरी उलटसुलट करून पाहिल्या. नंतर एका मेकॅनिकने सांगितलं की या जातीच्या मोटरला दिशाच नसते. सुरू होताना जिकडे जमेल तिकडे जाते. ओव्हनमधल्या थाळीला त्याने काही फरक पडत नाही. रहाटाला पडतो.

पलीकडच्या वाडीतले एक आबा रोज संध्याकाळी देवळाकडे येतात. तरुणपणी त्यांनी स्वतः रहाट हाकलाय. ते हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. उठले आणि एवढंच म्हणाले, "बोळक्याचं तोंड जिकडे, फेरा तिकडे. तुमची निम्मी तोंडं इकडे आहेत आणि निम्मी तिकडे." खरंच तसं होतं. दोघांनी दोन बाजूंनी बोळकी बांधली होती. वर चढताना तोंड वर हवं, म्हणजे पाणी टिकतं. माथ्यावर पोचलं की बोळकं आपोआप आडवं होतं आणि सांडतं. चौदाही बोळकी सोडून पुन्हा बांधली. रात्रीचे बारा वाजले, आणि सकाळी ७.४०ची लोकल होती.

याच दिवशी गहूही पेरला. गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून. नऊ क्रेट, तळाला गोणपाट, वर दोन बोटं माती आणि शेणखत, बारा तास भिजवलेला गहू. एकूण पाच किलो, २०० रुपये.

११ डिसेंबर, बुधवार

एकाएकी थंडी पडली. पहाटे तोंडातून वाफ निघतेय. वसईला वर्षातून थोडेच दिवस असे मिळतात, आणि नेमके ते आमच्या गव्हाच्या वाट्याला आले. तीन दिवस झाले, अंकुर जेमतेम नखाएवढा. घाबरून दोघांनी रात्री क्रेटांवर ताडपत्री घातली आणि सकाळी काढायला विसरले.

१४ डिसेंबर, शनिवार

ताडपत्री उघडली. गहू चांगला चार बोटं वाढलाय, पण हळदीसारखा पिवळा. दोन क्रेटांत पांढरी बुरशीही. कारणं दोन. पेरणी फार दाट केली होती, आणि झाकून वर दोन वेळा पाणी. पिवळेपणाला घाबरू नका. उन्हात ठेवले तर दीड दिवसात सात क्रेट हिरवेगार झाले. बुरशीचे दोन टाकून दिले.

मोटर नवीन आणली. १२ व्होल्ट, गिअरवाली, मिनिटाला तीस फेरे, ४८० रुपये. सोबत अडॅप्टर २५०. हिची दिशा वायर अदलाबदल केली की पक्की होते, मग बदलत नाही. आसाला थेट जोडायच्या भानगडीत पडलो नाही. मोटरला तीन इंची चाकी लावली आणि सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून रिमच्या खाचेत, जिथे टायर बसतो तिथे, पट्ट्यासारखी चढवली. रिम सात पटींनी मोठी, म्हणून वेग घटून मिनिटाला चार फेरे. ओझं घेऊनही दमली नाही. पट्टा ओला झाला की मात्र घसरतो. म्हणून बोळकी रिमच्या एका बाजूला बाहेर काढून बांधली आणि पन्हळ त्या बाजूला लावली.

१५ डिसेंबर, रविवार

आगमनकाळाचा तिसरा रविवार, गुलाबी मेणबत्ती. उद्यापासून नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), म्हणजे रोज संध्याकाळी तास गेला.

चांदणीवर बटर पेपर चढवला, ३४० रुपये. दिवसा अप्रतिम दिसली. मंडळी फोटो काढून गेली.

१६ डिसेंबर, सोमवार

पहाटे पाचला फोन आला. दवाने कागद भिजला आणि त्यावर पहाटेचा वारा. चांदणीचा सांगाडा उरला, कागद पिंपळाच्या जुन्या पानासारखा झिरमिळ्या झालेला. वसईत समुद्राजवळ उघड्यावर टांगायच्या कुठल्याही गोष्टीला कागद लावू नका. ओट्याखाली, पडवीत ठीक आहे.

कापडावर आलो. पांढरं मांजरपाट, १४ मीटर, ६० रुपयांनी ८४०. दोन्ही तोंडं, आणि दोन चौकटींच्या मधल्या फटीतल्या दहा चिंचोळ्या पट्ट्या धरून एवढं लागतं. शिवून घालण्याचा विचार होता, पण वाडीतल्या तीन काकींनी सुई-दोऱ्याने थेट काठीवरच दोन रात्रींत टाचून दिलं. करंज्या आणि कलकल (तळलेला गोड पदार्थ) करायच्या त्यांच्या दोन रात्री आमच्या कामात गेल्या, आणि नाताळचा फराळ दोन दिवस मागे पडला याची आठवण आम्हाला अजून करून दिली जाते. वारा आरपार जावा म्हणून प्रत्येक पायाच्या मागच्या बाजूला वीतभर चीर ठेवली.

१७ ते २० डिसेंबर

काम बंद. तरुण मंडळी नाताळगीतं गात घरोघर फिरतायत. गिटार, ढोल, सांताच्या वेशात एक किडकिडीत मुलगा, पोटाला उशी. संध्याकाळी साडेसातला निघायचं आणि दहाच्या आत आवाज बंद करायचा, हे ठरलेलं. आमच्या पाचांपैकी चार त्यातच. वेळापत्रक करताना मी हे चार दिवस कामाचे धरले होते. मूर्खपणा. नाताळच्या आधीच्या आठवड्यात कुणाला गव्हाणीच्या कामाला धरून ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये.

एक दिवस मीही गेलो. एका घरी म्हातारी आजी अंथरुणावर होती. तिच्यासाठी खिडकीत उभं राहून तीन गाणी म्हटली. चौथं तिने सुरू केलं. जुनं होतं, आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

२१ डिसेंबर, शनिवार

रात्री साडेआठ ते पहाटे तीन. पडवीचा सांगाडा उभा, वरती पेंढा, खाली टाकीभोवती ताडपत्री (६००), माती, केळीचे खुंट. केळीची सुकलेली पानं छपराच्या कडेला लावली, ही युक्ती आबांची. फुकट मिळतात आणि पेंढ्याचं कापलेलं टोक झाकतात. पन्हळीतलं पाणी पाटातून फिरून पुन्हा टाकीत जातं. उतार चुकला होता म्हणून छोटा पंप लावावा लागला, ३५०. उतार आधी लेव्हल ट्यूबने पाहिला असता तर हे पैसे वाचले असते.

आबा आले आणि म्हणाले, "बैल कुठाय? रहाट काय वाऱ्यावर फिरतोय?" बरोबरच होतं. गोठ्यातला बैल उचलून रहाटापाशी ठेवला. उचलताना त्याचं डावं शिंग तुटून पेंढ्यात पडलं. बॅटरी घेऊन अर्धा तास शोधलं.

२२ डिसेंबर, रविवार

फादर मिस्सेनंतर बघायला आले. सगळं आवडलं, पण गोठ्यात नुसतं गाढव पाहून थांबले. म्हणाले, बैल गव्हाणीपाशीच हवा. मग आम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बैल नाही आणि गाढवही नाही. तिथे फक्त गव्हाणी आहे. ही जोडी आली जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून. तिथे म्हटलंय की बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखतं. संत फ्रान्सिसनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिली जिवंत गव्हाणी मांडली तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. एकाने विचारलं, "फादर, मग शिंग एकच असलं तर चालेल?" फादर हसले, हो-नाही काही बोलले नाहीत.

बैल परत गोठ्यात, तुटकी बाजू भिंतीकडे. रहाटाच्या बैलाचा प्रश्न शेजारच्या सोसायटीतल्या जळगावकडच्या एका कुटुंबाने सोडवला. त्यांच्याकडे पोळ्याचा मातीचा बैल होता. अंगावर झूल रंगवलेली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. आकाराने लहान, म्हणून त्याला विहिरीच्या मागच्या अंगाला उंचवट्यावर ठेवला, लांब असल्यासारखा दिसतो. माझं मत विचाराल तर अख्ख्या गव्हाणीत सगळ्यात देखणी वस्तू तीच.

२३ डिसेंबर, सोमवार

रजा काढली. चांदणी वर चढवली. घंटाघराच्या कप्पीतून नायलॉनचा दोर ओवला. खाली दोन पायांना ताणदोऱ्या बांधल्या, नाहीतर वाऱ्यावर गरगर फिरते आणि वायर पिळली जाते.

आत आधी पोटात एकच शंभर वॉटचा जुना हॅलोजन टाकला. पोट उजळलं, पाय काळे. शिवाय कापडाजवळ गरम दिवा. काढून टाकला. मग ९ वॉटचे सहा एलईडी, एकेका पायात एक आणि मध्ये एक, ५४० रुपये. वायर, होल्डर, जोडपेटी ६५०.

रात्री साडेदहाला तालीम. चांदणी, रहाट, पंप, झाडावरच्या माळा सगळं एकदम लावलं आणि फ्यूजपेटीतला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला. उचलला, पुन्हा पडला. एकेक वायर काढत गेलो. दोष निघाला गवतातल्या एका जोडाचा. चिकटपट्टी गुंडाळलेला, दवाने भिजलेला. मुलं अनवाणी फिरतात तिथे. पेटी पडली नसती तर काय झालं असतं, ते लिहीत नाही. सगळे जोड जमिनीपासून हातभर वर खुंट्यांवर घेतले, पेटीत बंद केले. मग पहाटे पाचला, दव सगळ्यात जास्त असताना, पुन्हा लावून पाहिलं. टिकलं. ही चाचणी पहाटेच करा. संध्याकाळी कोरड्यात सगळंच चालतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

मिस्सा मैदानात, रात्री आठला. देवळात एवढी माणसं मावत नाहीत, आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक दहाला बंद करावा लागतो. म्हणून मध्यरात्रीची मिस्सा आमच्याकडे आठला सुरू होते आणि तरीही सगळे तिला मध्यरात्रीचीच म्हणतात.

दिवसभर बाळ येशू सापडत नव्हता. मूर्तींच्या खोक्यात नव्हताच. शेवटी सॅक्रिस्टीच्या (देवळातल्या पूजासाहित्याच्या खोलीच्या) कपाटात, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. तो तिथेच असतो, दरवर्षी. लिहून ठेवतोय.

गव्हाची पानं खूप वाढून आडवी झाली होती. ८ तारखेची पेरणी थंडी नसती तर फारच लवकर ठरली असती. १४ किंवा १५ तारीख बरी. कात्रीने वरून कापली तर खुरटी दिसली, पण कुणीतरी म्हणालं, "मेंढ्यांनी चरलंय." तेच सगळ्यांना सांगितलं.

ठरलं असं होतं की आगमनकाळात गायलं जात नाही ते गौरवगीत आज सुरू होईल, घंटा वाजेल, तेव्हाच चांदणी आणि रहाट सुरू करायचा. बटणापाशी मी. फादरांनी सूर धरला, घंटा वाजली, बटण दाबलं. चांदणी लागली. चार पाय उजळले, पाचवा काळोखात. होल्डर सैल झाला असणार. दहा फूट उंचीवर कोण चढणार? तसंच राहू दिलं. रहाट फिरला, बरोबर दिशेने. पहिल्या बोळक्यातलं पाणी पन्हळीत पडल्याचा आवाज गाण्यातही मला ऐकू आला. इतरांना आला की नाही, माहीत नाही.

मिस्सेनंतर बाळाला मिरवत आणून गव्हाणीत ठेवलं. मग गर्दी, केक, आलिंगनं, फोटो. आबा काठी टेकून रहाटापाशी बराच वेळ उभे होते. मी वाट बघत होतो काय म्हणतात त्याची. म्हणाले, "पाणी कमी पडतंय. टाकी वर उचला." उचलली.

२६ ते ३० डिसेंबर

देखभाल. पाणी दिवसाआड बदला, डास होतात. दोन बोळकी फुटली. एक फुटलं की चाक तोल जाऊन धक्के खातं, म्हणून समोरासमोरचं दुसरंही काढून ठेवा आणि नवीन आणेपर्यंत बारावर चालवा. पाचव्या पायाचा होल्डर गुरुवारी सकाळी घट्ट केला.

पोप फ्रान्सिस यांनी २४ तारखेला रोममध्ये पवित्र दार उघडून जयंती वर्ष (दर पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष) सुरू केलं, आणि २९ तारखेच्या रविवारी जगभरच्या धर्मप्रांतांत त्याची सुरुवात झाली. आमच्याकडेही मोठा फलक आला आणि तो टांगायला नेमकी आमचीच कप्पी लागली. तासभर चांदणी खाली. वर जाताना एका काठीने फलकाला टोचलं. फलकाला भोक, आम्हाला बोलणी.

३१ डिसेंबर, मंगळवार

सरत्या वर्षाचा पुतळा म्हणून रात्री जाळायच्या "म्हाताऱ्या"साठी पोरांनी पेंढा कुठून आणला, ते सकाळी गोठ्याचं मागचं छप्पर पाहून कळलं. एक भारा राखीव ठेवावा आणि तो कुलपात ठेवावा.

५ जानेवारी २०२५, रविवार

तीन राजांचा सण, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा. राजे आम्ही नाताळच्या दिवशी मैदानाच्या फाटकापाशी ठेवले होते. रोज संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं त्यांना हातभर पुढे सरकवायची. ही कल्पना एका चौथीतल्या मुलीची, आणि खर्च शून्य. मधले दोन दिवस एक राजा गायब होता. तो रहाटाच्या पाटाशी सापडला. उंटाला पाणी पाजायला थांबला होता, असं सांगण्यात आलं. आज तिघेही पोचले.

१२ जानेवारी, रविवार

प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण, नाताळचा काळ संपला. दुपारी सगळं उतरवलं. गहू एका घरच्या म्हशीला, पेंढा तिच्याच खाली. मेसकाठ्या आणि मांजरपाट माळ्यावर, कापड धुऊन, वाळवून, कडुलिंबाची पानं घालून. पोळ्याचा बैल धुऊन-पुसून घरी पोचवला, सोबत करंज्यांचा डबा. रहाटाची रिम आबांनी मागितली, दिली.

हिशोब. एकूण खर्च ८,४७० रुपये, म्हणजे मंजुरीपेक्षा १,९७० जास्त. त्यातले १,९०० चहा आणि वडापावचे. ते कुणी बैठकीत धरलेच नव्हते, आणि ते कमीही करता येणार नाहीत. कामट्या, पहिली मोटर आणि बटर पेपर मिळून ८१० वाया. वरची रक्कम पाच जणांनी वाटून भरली. कामाच्या रात्री मोजल्या तर सतरा, त्यातल्या सहा केवळ आधी केलेलं उसवण्यात गेल्या.

बैलाचं डावं शिंग अजून सापडलेलं नाही. मैदान झाडताना कुणाला मिळालं तर सॅक्रिस्टीत आणून द्यावं, बाळ येशूच्या टॉवेलशेजारी ठेवतो.